बदकाचं अंडं पहिल्यांदा घरी आणताना

बदकाचं अंडं म्हणजे कोंबडीचंच अंडं, फक्त आकाराने मोठं, असं धरून स्वयंपाकाला लागलं की पहिला प्रयोग बहुधा फसतो. पांढरा भाग चिवट होतो, बलक तोंडात जड लागतो, एखाद्याला वासही येतो. मग उरलेली अंडी फ्रीजच्या कोपऱ्यात पडून राहतात. दोष अंड्याचा नसतो. या अंड्यात बलक जास्त आणि पाणी कमी असतं. हे लक्षात ठेवून शिजवलं तर अंडा रस्सा, केक आणि कस्टर्ड यांत ते कोंबडीच्या अंड्याला मागे टाकतं. नुसतं उकडून मीठ-मिरी लावून खायला मात्र मी तरी कोंबडीचंच अंडं घेईन.

कुठे मिळतात, कशी निवडायची

भारतात बदकाची अंडी रोजच्या जेवणात असतात ती मुख्यतः बंगाल, आसाम आणि केरळमध्ये. केरळच्या कुट्टनाडमध्ये समुद्रसपाटीच्याही खाली भातशेती होते. कापणी झाली की चारा आणि चेंबल्ली या तिथल्या देशी जातींच्या बदकांचे कळप शेतात सोडतात. सांडलेलं भात, गोगलगायी, किडे खात कळप एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरत राहतो. अंड्यांसाठी पाळायची परदेशी जात म्हणजे खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तयार केली. चांगल्या निगराणीत तिची मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते.

महाराष्ट्रात बदकं दिसतात ती तळ्यांच्या मुलखात, म्हणजे पूर्व विदर्भात, आणि कोकण-गोव्यात घरामागच्या डबक्याशी. गडचिरोलीच्या चामोर्शी-मुलचेरा भागात 1960च्या दशकात वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या गावांमध्ये बदकाचं अंडं हा नवलाईचा पदार्थ नाही. मुंबई-पुण्यात शोधायची तर बंगाली मासळीवाल्याकडे किंवा केरळी किराणा दुकानात आधी चौकशी करा. नेहमीच्या अंडेवाल्याकडे ती क्वचितच असतात.

घेताना पहिल्यांदा कवचाची स्वच्छता पाहा. बदक बहुधा पहाटे किंवा सकाळी लवकर अंडं देतं, आणि खुराडं नीट नसेल तर चिखलात, विष्ठेत, जिथे असेल तिथे देतं. म्हणून चांगले पाळणारे सकाळी नऊपर्यंत बदकांना बाहेर सोडत नाहीत आणि खाली कोरडं तूस अंथरतात. ज्याची अंडी कोरडी, स्वच्छ आणि बिनतड्याची दिसतील त्याच्याकडूनच घ्या. घासून-धुऊन चकचकीत केलेल्या अंड्यांपेक्षा मुळातच स्वच्छ असलेली बरी, कारण धुताना कवचावरचा नैसर्गिक पापुद्रा निघून जातो. रंगाकडे फार लक्ष देऊ नका. कवच पांढरं, फिकट निळं, हिरवट, कसंही असू शकतं. ते जातीवर अवलंबून असतं, पोषणाशी त्याचा संबंध नाही.

बलकाच्या रंगाचंही तेच. तो गडद केशरी असला की दुकानदार ‘असली गावठी’ म्हणून भाव वाढवतो. हिरवा पाला, झिंगे, किडे खाणाऱ्या पक्ष्याचा बलक गडद होतो हे खरं, पण खाद्यात रंगद्रव्य मिसळूनही तो गडद करता येतो. चीनच्या हपै प्रांतात 2006मध्ये बदकांच्या खाद्यात सुदान नावाचा कारखान्यातला लाल रंग घातल्याचं उघड झालं आणि ‘लाल बलका’ची ती महागडी अंडी बाजारातून काढून घ्यावी लागली.

आखाती देशांत किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांना ही अंडी आशियाई दुकानात सहज मिळतील, पण खोक्यावरचं वाचल्याशिवाय उचलू नका. एकाच शीतकपाटात ताजी अंडी, खारवलेली अंडी, पिदान म्हणजे चुन्या-राखेत मुरवून आतून काळपट झालेली अंडी आणि बालूत अशी चारही प्रकारची ठेवलेली असतात. बालूत म्हणजे दोन ते तीन आठवडे उबवून, आत पिल्लाचा आकार धरू लागला की उकडून खायचं अंडं. फिलिपिन्समध्ये ते आवडीने खातात. बाहेरून ते ताज्या अंड्यासारखंच दिसतं. आम्लेट करायच्या इराद्याने फोडणाऱ्याला मात्र जबर धक्का बसेल. फिलिपिनी खारवलेली अंडी बहुधा गुलाबी-लाल रंगवलेली असतात, तर चिनी खारवलेल्या अंड्यांवर कधी काळा कोळशाचा लेप असतो. ती ओळखणं सोपं आहे.

घरी आणल्यावर

माती किंवा विष्ठेचा डाग असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि अंडी झाकणाच्या वेगळ्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. निमुळतं टोक खाली ठेवायचं. धुवायची ती वापरण्याच्या अगदी आधी, कोमट पाण्याने. कवच जाड असल्यामुळे ही अंडी कोंबडीच्या अंड्यांपेक्षा जास्त टिकतात. तरी तीन आठवड्यांच्या आत संपवावी, असं माझं मत. बाहेर ओट्यावर ठेवू नका. कळपात नर असेल तर अंडी फळलेली असू शकतात, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात अशा अंड्यात आत हालचाल सुरू व्हायला वेळ लागत नाही.

ताजेपणा पाहायला पाण्याचं भांडं पुरतं. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. जुनं उभं राहतं, आणि तरंगणारं टाकून द्यायचं. शिवाय प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा, मग भांड्यात ओता. या अंड्याचं कवच जाड आणि आतला पडदा चिवट, त्यामुळे हलक्या ठोक्याने ते फुटत नाही आणि जोरात मारलं की कवचाचे कण आत जातात. ओट्याच्या सपाट भागावर एकच ठाम ठोका द्या आणि अंगठ्याने पडदा फाडा. भांड्याच्या काठावर फोडायची सवय इथे उपयोगाची नाही.

अंड्यात काय आहे

मध्यम बदकाचं अंडं साधारण 70 ग्रॅमचं आणि कोंबडीचं 50 ग्रॅमचं धरू. बदकाच्या अंड्यातून सुमारे 130 कॅलरी, 9 ग्रॅम प्रथिनं आणि साडेनऊ ग्रॅम स्निग्ध पदार्थ मिळतात. कोंबडीच्या अंड्यातून सुमारे 72 कॅलरी, सव्वासहा ग्रॅम प्रथिनं आणि पावणेपाच ग्रॅम स्निग्ध पदार्थ.

ही तुलना पाहून बदकाच्या अंड्यात ‘दीडपट प्रथिनं’ असल्याची जाहिरात केली जाते. ती फसवी आहे. तुम्ही दीडपट मोठं अंडं खाल्लंत, एवढाच तिचा अर्थ. 100 ग्रॅमला 100 ग्रॅम तोललं तर दोन्हींत प्रथिनं जवळजवळ सारखीच, साडेबारा-तेरा ग्रॅम. फरक आहे तो स्निग्धात. 100 ग्रॅम बदकाच्या अंड्यात 13.8 ग्रॅम, तर कोंबडीच्या अंड्यात साडेनऊ. म्हणजे व्यायामशाळेत जाणाऱ्याने नुसत्या प्रथिनांसाठी ही अंडी शोधत फिरायचं कारण नाही.

खरी बाजी मारतं ते ब-12 जीवनसत्त्व. एका बदकाच्या अंड्यात ते पावणेचार मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. कोंबडीच्या अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅमही नसतं. आपल्याकडे ब-12ची कमतरता इतकी सर्रास आहे की अंडी खाणाऱ्या पण मटण-मासळी न खाणाऱ्या घरात हा मुद्दा मोलाचा ठरतो. लोहही जास्त, एका अंड्यात सुमारे पावणेतीन मिलिग्रॅम. पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. बलकातलं लोह तिथल्या एका प्रथिनाला घट्ट बांधलेलं असतं आणि शरीराला ते पुरतं शोषता येत नाही. ताटात लिंबाची फोड असू द्या, थोडी मदत होते. ड जीवनसत्त्व आणि कोलीन नावाचं पोषकद्रव्य यांत बदकाचं अंडं, वजनाला वजन, कोंबडीच्या पुढे नाही.

आता कोलेस्टेरॉल. एका बदकाच्या अंड्यात ते 600 मिलिग्रॅमच्या वर असतं, कोंबडीच्या अंड्याच्या तिपटीहून जास्त. दिवसाला 300 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेने 2015च्या आवृत्तीत काढून टाकली, कारण बहुतेकांच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्निग्धाचा परिणाम जास्त होतो. पण आकडा काढला म्हणजे मोकळीक मिळाली असं नाही. निरोगी माणसाने आठवड्यातून दोन-तीनदा एकेक अंडं खाल्लं तर मला त्यात वावगं वाटत नाही. हृदयविकार, मधुमेह किंवा घराण्यातच वाढलेलं कोलेस्टेरॉल असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना ‘अंडं’ नव्हे, ‘बदकाचं अंडं’ म्हणा. त्यांच्या डोक्यात कोंबडीचंच येणार.

बदकाचं अंडं दम्याला चांगलं, मूळव्याधीला चांगलं, असं सांगणारे भेटतात. तसा भरवशाचा पुरावा नाही, तेव्हा औषध म्हणून खाऊ नका. कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी असलेल्याला ‘हे चालेल’ म्हणून देणं तर धोक्याचंच. दोन्हींतली प्रथिनं इतकी सारखी असतात की तीच ॲलर्जी इथेही उठू शकते.

चव आणि वास

बलक दाट, लोण्यासारखा मऊ आणि चवीला गोडसर-भरीव. पांढरा भाग कोंबडीच्या अंड्याहून घट्ट, आणि आच जास्त झाली की चटकन ताठर होतो. वासाचं म्हणाल तर तो पक्षी काय खातो त्यावर आहे. भात, मका आणि पाला खाणाऱ्या बदकाच्या अंड्याला वास जवळजवळ नसतो. सुकी मासळी, झिंगे किंवा गोगलगायींवर पोसलेल्याच्या अंड्याला मासळीची झाक येते. त्यामुळे एका ठिकाणची अंडी आवडली नाहीत तर दुसरीकडची घेऊन पाहा.

मासे खाणाऱ्या घरात या झाकेवरचा उपाय आधीपासूनच असतो. बांगड्याच्या तिखल्यात जे घालतो, म्हणजे कोकम, तिरफळ, आलं-लसूण, तेच इथे चालतं. बंगालात मोहरीचं तेल आणि केरळात मिरी-कढीपत्ता तेच काम करतात.

आधी सुरक्षेचं

कच्चं, अर्धं कच्चं किंवा वाहत्या बलकाचं बदकाचं अंडं खाऊ नका. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 2010मध्ये साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूच्या एका प्रकाराची साथ आली होती, तिचा माग बदकाच्या अंड्यांपर्यंत पोचला. कुट्टनाडच्या बदकांमध्ये 2014मध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा कळपच्या कळप मारावे लागले. दोन्हींवर घरच्या घरी करता येईल असं एकच काम आहे: पांढरा आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवणं. आतपर्यंत 70 अंशांची उष्णता पोचली की असे जंतू-विषाणू तग धरत नाहीत. मेयोनीज, तिरामिसू, कच्च्या अंड्याचं दूध या वाटेला ही अंडी लावू नका. फोडल्यावर हात, वाटी आणि ओटा साबणाने धुवा, आणि तोच चमचा कोशिंबिरीत घालू नका.

पहिला पदार्थ: अंड्याचा रस्सा

सुरुवात रश्श्यानेच करा. दाट बलकाला आंबट-तिखट रस्सा लागतो आणि जास्त वेळ शिजल्याने इथे काही बिघडत नाही.

अंडी आधी अर्धा तास फ्रीजबाहेर काढून ठेवा. पातेल्यात पाणी उकळलं की चमच्याने अलगद सोडा, आच मध्यम करा आणि 13-14 मिनिटं उकडा. लगेच गार पाण्यात घाला. अगदी ताजी अंडी सोलताना पांढरा भाग कवचाला चिकटून फाटतो, म्हणून उकडायला आठ-दहा दिवसांची जुनी घ्यावी. बलकाभोवती हिरवट-करडी कडा दिसली तर घाबरू नका. जास्त उकडल्यामुळे बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांचा संयोग होतो, त्याने अपाय होत नाही.

सोललेल्या अंड्यांना सुरीने उभ्या चार चिरा द्या, बलकापर्यंत न जाता. हळद, मीठ, थोडं लाल तिखट चोळा आणि दोन चमचे तेलात फिरवत सोनेरी कातडी येईपर्यंत परता. बंगाली घरांत ‘हाँशेर डीम’, म्हणजे बदकाचं अंडं, असंच मोहरीच्या तेलात परततात आणि मग बटाट्याबरोबर रश्श्यात सोडतात. चिरा विसरलात तर अंडं तेलात फुटून उडतं, म्हणून झाकण हाताशी असू द्या.

चार अंड्यांना दोन मोठे कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं वेगवेगळं भाजून, आलं-लसूण घालून बारीक वाटा. तेलात मालवणी मसाला किंवा घरचा कांदा-लसूण मसाला घाला, वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता, गरम पाणी ओता. उकळी आल्यावर तीन-चार कोकमं आणि असल्यास पाच-सहा तिरफळं ठेचून टाका. अंडी सोडून मंद आचेवर दहा मिनिटं. वाढताना अंडं उभं कापा आणि बलकाचा तुकडा रश्श्यात कुस्करा. तो विरघळून रस्सा दाट होतो, कोंबडीच्या अंड्याने इतका होत नाही. भाकरी असेल तर उत्तम. अंडं कच्चंच फोडून उकळत्या रश्श्यात सोडायची पद्धत असेल तर तीही चालेल, फक्त झाकण ठेवून बलक पूर्ण घट्ट होऊ द्या.

कोरडं हवं असेल तर केरळी रोस्ट करा. खोबरेल तेलात भरपूर पातळ चिरलेला कांदा मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतायचा. कांदा हाच त्याचा जीव आहे, घाई केली तर पदार्थ गेला. मग आलं-लसूण, कढीपत्ता, टोमॅटो, बडीशेप आणि सढळ मिरी, शेवटी उकडलेली अंडी. सोबत अप्पम, घरी आंबोळी असेल तर तीही जमते.

भुर्जी आणि आम्लेट

दोन कोंबडीच्या अंड्यांच्या जागी एक बदकाचं आणि वर चमचाभर पाणी, हे प्रमाण दोघांना नाश्त्याला थोडं कमी पडेल, म्हणून तीनच्या जागी दोन धरा. कांदा-मिरची-टोमॅटो नेहमीप्रमाणे परतून घ्या, पण अंडं ओतण्याआधी गॅस बारीक करा. मोठ्या आचेवर पांढरा आधी आवळतो आणि बलक मागे राहतो. हलवत राहा. ओलसरपणा जाऊन दाणे सुटे दिसले की उतरवा. तेल नेहमीपेक्षा कमी लागतं, कारण स्निग्ध अंड्यातच आहे. आम्लेटला मात्र मी हे अंडं फारसं सुचवणार नाही. जाड होतं, जड होतं, आणि आतून नीट शिजेपर्यंत खालून करपतं. करायचंच तर पातळ पसरा आणि झाकण ठेवा.

केक, कस्टर्ड

बेकिंग करणारे या अंड्यांच्या मागे असतात ते उगाच नाही. बलकातल्या स्निग्धामुळे केक ओलसर राहतो आणि रंगही छान पिवळा येतो. पाककृतीतली अंडी मोजू नका, तोला: तीन कोंबडीची म्हणजे सुमारे 150 ग्रॅम, दोन बदकाची म्हणजे सुमारे 140. पांढरा वेगळा फेटायचा असेल तर तो फुगायला वेळ घेतो. लिंबाच्या रसाचे काही थेंब घाला आणि भांड्याला बलकाचा अंशही लागू देऊ नका. कॅरॅमल कस्टर्डला तर माझ्या मते याहून चांगलं अंडं नाही, पण वेलची किंवा जायफळ थोडं वाढवा.

खारवलेली अंडी

एवढं जमलं की चिनी पद्धतीची खारवलेली अंडी करून पाहा. चीनच्या ज्यांग्सू प्रांतातलं काओयू हे शहर दोन बलकांच्या खारवलेल्या अंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मीठ कवचातून आत शिरतं, बलकातलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि बलक घट्ट, केशरी, तेलकट-रवाळ होतो. त्यासाठी जास्त बलकाचं बदकाचंच अंडं लागतं.

हे काम थंडीत काढा. एक लिटर पाण्यात 250 ते 300 ग्रॅम मीठ उकळून पूर्ण गार करा. तडा नसलेली डझनभर अंडी स्वच्छ धुऊन, पुसून लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत रचा, खारं पाणी ओता. अंडी तरंगतात, म्हणून वर छोटी बशी दाबून ठेवा. एकही अंडं पाण्याबाहेर राहता कामा नये. सावलीत, गार जागी तीन आठवडे ठेवून एक अंडं उकडून पाहा. बलक कडेपर्यंत घट्ट झाला नसेल तर आणखी आठवडाभर मुरू द्या. मग सगळी काढून धुवा, 15 मिनिटं उकडा आणि फ्रीजमध्ये ठेवा. ज्याचा वास बिघडलेला वाटेल ते अंडं चाखूनही पाहू नका, आणि वापरलेलं खारं पाणी दुसऱ्यांदा वापरू नका.

पांढरा भाग अतिशय खारट होतो, म्हणून एका माणसाला अर्धं अंडं पुष्कळ. रक्तदाब असलेल्यांनी लांबच राहावं. कोकणातल्या घरी हे खायची सर्वांत सरळ रीत म्हणजे गरम उकड्या तांदळाची पेज, बिनमिठाची, आणि तिच्यात कवचासकट उभं कापलेलं अर्धं अंडं चमच्याने कोरून घ्यायचं.